ब्लाइंड बोली

५ फेब्रुवारी २००१, विंचूर

परत तेच! ट्रॉलीत हात घातला, कांदा दाबून पाहिला, पसंत पडला, बोली लावली — की खंडेराव भाऊजी दहा रुपयांनी वर. दिवसभर! ते कांदा बघतच नाहीत, माझं तोंड बघतात. थोरले दीर ना! आमचे हे, दिनेश, वारले आणि त्यांच्या जागी मी लिलावाला उभी राहिले, तेव्हापासून खुपतेय त्यांना.

संध्याकाळी म्हणाले, मार्चअखेर गाळा आमच्याकडे दे, तू घरी बस.

घरी बसतंय माझं खेटर!

७ फेब्रुवारी

आजही हात रिकामे. माल मिळाला नाही तर गाळा आपोआप बंद. त्यांना हवंय तेच. सिंधूताई — आमच्या जाऊबाई — भाजीची वाटी घेऊन आल्या, गोड बोलल्या. त्या गेल्यावर रडू आलं. राग त्याहून जास्त आला.

८ फेब्रुवारी

नाशिकहून संतोषचा फोन. बोटीवरून सुट्टीला आलाय. भावाला सगळं सांगून टाकलं. तर म्हणतो, ताई, दिवाळीत तीन पत्ती खेळायचो, तू कायम ब्लाइंड असायचीस, आठवतं?

आठवतं तर! पत्ते पालथे ठेवायचे, उचलायचेच नाहीत. बघून खेळणाऱ्याला माझ्या दुप्पट लावावे लागत. सगळ्यांचे चिंचोके माझ्या पदरात!

बोटीवरचे गोरे पोकर खेळतात, त्यातही ब्लाइंड असते म्हणे. पण तिथे ती सक्तीची. पाळी आली की पत्ते हातात पडायच्या आधीच लावायची. शब्द तिथूनच आला असणार, असं संतोषचं म्हणणं. आपल्याकडे सक्ती नाही. ज्याच्यात दम असेल त्याने न बघता खेळावं.

आणि म्हणाला, "समोरच्याला तुझ्या तोंडावर काही वाचताच येत नाही ताई. तुलाच माहीत नसतं ना!"

९ फेब्रुवारी

ठरलं. सोमवारी एकाही ट्रॉलीत हात घालणार नाही. कांद्याकडे बघणारसुद्धा नाही. नुसती बोली. सडका निघाला तर निघू दे! बुडाले तर माझ्या हिमतीवर बुडेन.

११ फेब्रुवारी

उद्या सोमवार. माघार नाही.

१२ फेब्रुवारी

हात पदराखाली, मान ताठ. नवसाबाई नावाच्या शेतकरणीच्या ट्रॉलीवर पहिली बोली लावली. भाव रास्तच लावला, शेतकऱ्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? भाऊजी गप्प. पुढची ट्रॉली — गप्प! गालात हसत होते. शेजारचा व्यापारी तोंड उघडणार, तर त्याचा हात धरून म्हणाले, "घेऊ दे तिला. हौस फिटंल."

मी बोलले त्या सगळ्या ट्रॉल्या माझ्या. पहिल्याच बोलीला.

१३ फेब्रुवारी

सिंधूताई, वाचताय ना? मी बाजारात गेले की कपाटातून ही वही काढता आणि सगळं भाऊजींच्या कानावर घालता, हे मला संक्रांतीपासून ठाऊक आहे. आता हेही घाला — काल पहाटे ट्रॉल्या चांदवड रस्त्याला चहाला थांबल्या, तेव्हा मी तिथेच होते. एकेका ट्रॉलीतला कांदा दाबून, कापून पाहिला.

रडू आलं लिहिलं होतं, तेवढं खरं आहे.

माल एक नंबर आहे. गाळा देत नाही, सांगा त्यांना.