विमचे दोन पिवळे पक्षी

१९ ऑक्टोबर, शनिवार
शेजारचा विम आठवडाभर कॅम्पिंगला गेला. जाताना दोन पिंजरे माझ्याकडे दिले. पाच वर्षं नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनमध्ये राहतोय, पण कॉफी आणि एका बिस्किटापलीकडे कोणी डच माणूस गेला नव्हता. विश्वास लागतो!
पक्षी दक्षिण अमेरिकेचे. दोन्ही नर, दोन्ही पिवळेधमक, पण जाती वेगळ्या. थोरल्याचं अख्खं डोकं केशरी, धाकट्याचं नुसतं कपाळ. पुढच्या शनिवारी पक्ष्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा. विमला यंदा बक्षीस हवंच आहे.
संकल्प: तुलनात्मक अभ्यास. ऑफिसात नॅनोमीटर मोजतो, हे तर चांगले बोटभर आहेत.

२१ ऑक्टोबर
वीणा म्हणते, मोठा तो मोठा, लहान तो लहान, त्यात अभ्यास कसला? बायकोला डेटाची किंमत नाही.
तुलना सोपी जावी म्हणून दोघांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं. चोच मोजायला व्हर्नियर आणला. रीडिंग मिळालं नाही. बोटाला बँडेज.

२३ ऑक्टोबर
अभ्यास जवळजवळ पूर्ण. एक्सेलचे कॉलम तयार. आकडे नंतर भरीन.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार
पुण्याहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, पोरं स्पर्धेला निघाली, मोकळ्या कपाळानं कशी पाठवायची? मी एकेकाला धरलं, त्यांनी हळदकुंकू लावलं. पक्षी फडफडले. आता दोघांचीही अख्खी डोकी केशरी!

दुपारी
ओल्या टिश्यूनं पुसलं. आणखी पसरलं. भिजल्यामुळे दोघेही गोळा होऊन फुगून बसलेत, सारखेच गुबगुबीत. वीणाला विचारलं, मोठा कुठला गं? म्हणाली, डेटा बघ की.

संध्याकाळी
शांत डोक्यानं विचार करून एकेकाला एकेका पिंजऱ्यात घातलं. चुकण्याची शक्यता फक्त अर्धी.

२६ ऑक्टोबर, शनिवार
विम सकाळी घाईघाईत पिंजरे घेऊन गेला. गारठा लागू नये म्हणून मीच वर कापड घातलं होतं. किती थँक यू म्हणाला बिचारा!

दुपारी
वीणाला विमच्या बायकोचा मेसेज. पक्षी आपापल्याच पिंजऱ्यात होते! सांगत होतो ना!
पण परीक्षकाच्या बोटांना रंग लागला. पक्षी रंगवणं म्हणजे चीटिंग म्हणे. विम यंदा बाद, पुढची दोन वर्षंही बाद.
विम गाडीतून उतरला आणि माझ्याकडे न बघता आत गेला. जरा वाईट वाटलं. पण डच माणूस डायरेक्ट असतो. राग आला असता तर तोंडावर बोलला असता. म्हणजे रागावलेला नाही.

संध्याकाळी
विम येऊन गेला. बोलला.