गिलांगचं बूड आणि आमचा पूल

सौ. कासियातीताईस,

धाकट्या विजीचा वाकून सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी अजून तीन चमचे साखर घालूनच कॉफी पितात का? (पीत असतील तर पिऊ देत. सत्तरीतला माणूस सुधारत नाही, हे मी गेल्या तीन महिन्यांत पुरेपूर शिकले आहे.) माझी तब्येत ठणठणीत आहे. विजीचं डोकं फिरलंय असं गावात बोलतात, ते तुझ्या कानावर आलंच असेल. आमच्याकडची बातमी सुराबायाला बसच्या आधी पोचते. म्हणून म्हटलं, खरं काय ते माझ्याच हातचं वाच.

चौतीस वर्षं सुईणपण करून निवृत्त झाले तेव्हा मी ठरवलं होतं की आता मिरच्या लावायच्या आणि नातू खेळवायचा. पण मिरच्यांना पाणी आणायला म्हणून नदीवर गेले आणि बघते तर काय, वळणावरच्या बांबूंना पांढरी फळं लागलेली. जवळ गेले तर डायपर. फुगलेले, लोंबणारे, काही फुटून आतला चिकट लगदा बाहेर आलेले. किती होते ते मोजलं नाही, वासाने मोजू दिलं नाही. आणि ताई, हे पाणी पुढे जातं कुठे? तुमच्याच शहराकडे, तुमच्याच नळाला. तू नेहमी म्हणतेस ना की सुनेच्या हातच्या कॉफीला कसलीशी चव लागते? त्या बिचारीला उगाच बोलू नकोस.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर मी पुलावर जाऊन उभी राहिले. (माझी जुनी शिट्टी गळ्यात घालून. दवाखान्यात मिळाली होती, कशासाठी ते आजतागायत कळलेलं नाही.) तुला वाटेल चोरटे येत असतील. छे! चांगली घरंदाज माणसं. स्कूटर हळू होते, हँडलला लटकवलेली पिशवी सुटते, डुबुक, आणि स्कूटर पुढे. तोंडाने वर "सलाम विजीबाई" सुद्धा म्हणतात. मी शिट्टी फुंकली की त्यांना वाटायचं मी रहदारी सांभाळते आहे. एकाने तर मला रस्ता ओलांडून द्यायचा आग्रह धरला.

मग एकेकाला थांबवून विचारलं, बाबांनो, नदीतच का? तर उत्तर एकच. डायपर जाळला की ज्या बाळाचा असेल त्याच्या बुडाला आग होते, पुरळ उठतं. पुरला तर कुत्री उकरतात. नदीत टाकला की पाणी गार, म्हणून बाळाचं बूडही गार. हे मला सांगतात! अर्ध्या गावाची बुडं ह्या हातांनी धुतली आहेत ताई, एकाचाही नदीशी पत्रव्यवहार नव्हता. पण पुलाच्या टोकाशी उकडलेल्या भाज्यांचं पेचेल विकणारी मुंजियाह, जिला घरात जुळी नातवंडं आहेत, ती भाजीवर शेंगदाण्याची चटणी ओतता ओतता म्हणाली, "बाई, तुम्ही शिकलेल्या. पण बुडाला काय माहीत तुम्ही शिकलेल्या आहात ते?" आणि बाकावरचे सगळे जण हसले.

ते हसणं मला झोंबलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की शुक्रवारी दुपारी तीन वाजता मैदानात माझ्या सख्ख्या नातवाचा, गिलांगचा, डायपर सगळ्यांसमोर जाळीन, आणि शनिवारी त्याचं बूड सगळ्यांना दाखवीन. (सून रेत्नो शाळेत शिकवते. तिला विचारायचं राहून गेलं. मुलगा तेगुह जहाजावर नोकरीला, त्यामुळे त्याला विचारायचा प्रश्नच नव्हता.) शुक्रवारी माणसं एवढी जमली की फुगेवालासुद्धा आला. डायपर ओला, पेटता पेटेना. शेवटी रॉकेल ओतलं, तेव्हा भडकला आणि असा काही वास सुटला की फुगेवाला गेला. पण मी नाक न दाबता उभी राहिले. गिलांग माझ्या कडेवर खदाखदा हसत होता. मी म्हटलं, बघा, आहे का काही?

शनिवारी सकाळी होतं. लालभडक, मांड्यांपर्यंत. गाव दारात उभं. दाखवायचं कबूल केलं होतं म्हणून दाखवलं. मुंजियाहने नुसती जीभ चावली. रेत्नोने गिलांगला माझ्या हातातून काढून घेतलं आणि आतून दार लावलं, ते जास्त वाईट होतं. त्या दिवशी पुलावरून इतके डायपर पडले की मासे दुसरीकडे राहायला गेले असतील.

तू म्हणशील, आता तरी विजी घरी बसली असेल. मी? रविवारी पुन्हा पुलावर! सोमवारी गावप्रमुख हार्सोयोने सभा बोलावली. (त्याला विसरली नसशील. पायाळू जन्मला होता, पहिल्यापासून उलटा.) कचऱ्याची गाडी गावात आणा असा अर्ज मी त्याला पाच वेळा दिला होता, आणि पाचही वेळा रस्ता अरुंद आहे म्हणून तो परत आला होता. सभेत तो मोठ्या अदबीने म्हणाला, "विजीबाई, पुलावर उभं राहणं आता बंद करा. लोकांना लाज वाटते."

"वाटायलाच हवी," मी म्हटलं.

"मग टाकायचं तरी कुठे? जाळायचं तर तुम्ही परवा बघितलंत. नदीत तुम्ही टाकू देत नाही. तुमच्या डोक्यावर टाकायचं का?"

सगळी सभा हसली. आणि मला असा संताप आला ताई, की तोंडातून काय निघतंय ते माझं मलाच कळेना. म्हटलं, "माझ्या डोक्यावर कशाला? ह्या कचेरीच्या ओसरीवर आणून टाका! इथे आग नाही, ऊन नाही, वर चोवीस तास पंखा फिरतो. नदीतसुद्धा बूड इतकं गार राहायचं नाही!"

आणि सभा उठली. ती विचारात पडली होती, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मंगळवारी सकाळी पहिली पिशवी मुंजियाहने आणली. कारकून धावत आला तर त्याला म्हणाली, "नदीत टाकलेलं वाहत कुठे जातं कोण जाणे. इथे निदान पंख्याखाली डोळ्यांसमोर राहील. सरक." दुपारपर्यंत ओसरीवर रांग. कारकुनाने पंखा बंद केला, तर दोन आया त्याच्या अंगावर गेल्या, की आमच्या लेकरांना काही झालं तर तू जबाबदार. बुधवारी हार्सोयो मागच्या खिडकीतून कचेरीत शिरला. शुक्रवारी तालुक्याची कचरागाडी आली. रस्ता तोच होता, बोटभरही रुंद झालेला नव्हता.

ज्या खुळाशी तीन महिने भांडले, त्याच्याच पाठीवर बसून मी पलीकडे गेले, हे मला कळतं. लाज वाटली का? नाही वाटली. आता गाडी दर शुक्रवारी येते. पुलावरून अजून चार-पाच डुबुक होतातच, म्हणून माझी शिट्टी चालू आहे. आणि गाडी तो सगळा ढीग नेऊन कुठे ओतते, हे बघायला मी पुढच्या आठवड्यात तिच्या मागोमाग जाणार आहे. ड्रायव्हरला सांगितलेलं नाही.

गुडघ्यांना आल्याचा लेप लाव. भाऊजींना सलाम.

तुझी,
विजी

ता. क. – गिलांगचं पुरळ तिसऱ्या दिवशी बरं झालं. पण शाळेला सुट्टी लागताच रेत्नो त्याला घेऊन माहेरी गेली, त्याला आज तीन आठवडे झाले. तिच्या आईचं घर तुमच्या मशिदीच्या मागेच आहे. सहज आल्यासारखी जा. मी पाठवलं असं म्हणू नकोस. पोराला दात आला का, तेवढं कळव. घर फार शांत झालंय गं.

दुसरा ता. क. – पुरळ का उठलं, ते गावाला माहीत नाही आणि तूही सांगायचं नाहीस. त्या शुक्रवारी सकाळी सातला बांधलेला डायपर मी तीन वाजेपर्यंत सोडलाच नाही. मला वाटलं, हलका असला तर लोक म्हणतील कोराच जाळला. पुरावा कसा वजनदार हवा. तो दोनदा रडला, मी दोनदा गाणं म्हटलं. चौतीस वर्षं पोरींना दर तीन तासांनी बदला म्हणून ओरडणारी ती मीच. पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

रेत्नोला हे तू सांग, मला जमत नाही. "सासूबाई चुकल्या" असं स्पष्ट म्हण. "हरल्या" म्हणू नकोस. आणि पुन्हा असं काही करणार नाहीत ना, असं तिने विचारलं तर म्हण, गिलांगच्या बाबतीत नाही.