ऑर्व्हिलचे पांढरे बूट

४ नोव्हेंबर १९७८

दुपारी बाराच्या सुमारास व्हर्नने नदीच्या बर्फावर विमान टेकवलं आणि मी हॅटी क्रीकच्या कॅम्पवर पोचलो. सुटलो एकदाचा! सात वर्षं फेअरबँक्सच्या गॅरेजात ट्रकांच्या पोटाखाली उताणं पडून काढली. आता मार्चपर्यंत ना मालक, ना गिऱ्हाईक. काम सोपं आहे. उन्हाळ्यात इथे सोनं काढतात. हिवाळ्यात दोघांनी राहून छपरांवरचा बर्फ ओढायचा, यंत्रांवर लक्ष ठेवायचं आणि रोज दुपारी एकला रेडिओवर सगळं ठीक आहे म्हणून सांगायचं.

दुसरा माणूस ऑर्व्हिल. अठ्ठावन्न वर्षांचा, पिवळट दाढीचा, आणि हा त्याचा इथला अकरावा हिवाळा. हात मिळवायच्या आधी त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. लष्कराच्या जुन्या मालाच्या दुकानातून घेतलेले जाड रबरी बूट घालून आलो होतो, काळे. त्याचेही तसलेच, पण पांढरे आणि सशासारखे गुबगुबीत. आमच्याकडे त्यांना सगळे बनी बूटच म्हणतात. विमानात बसताना घोट्याजवळची झडप उघडली होतीस का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कुठली झडप? तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणे रबराच्या दोन थरांमध्ये लोकर आणि हवा कोंडलेली असते, विमान वर गेलं की हवा फुगते आणि आतला थर फाडून टाकते. हवेत असताना माझ्या डाव्या पायात फट्‌ असं काहीतरी झालं होतं खरं.

"काळे बूट म्हणजे चिखलातल्या लढाईचे," ऑर्व्हिल म्हणाला, "आणि तुझ्या तर आता भाजी आणायच्या पिशव्या झाल्या, लाडोबा."

रात्री मूसच्या, म्हणजे इथल्या घोड्याएवढ्या हरणाच्या, मटणाचा रस्सा आणि बटाटे. पोट फुटेस्तोवर जेवलो.

१३ नोव्हेंबर

मजेत आहे. सकाळी आंबवलेल्या पिठाची धिरडी आणि काळी कॉफी. आंबवण ऑर्व्हिल स्वतःच्या उशाशी ठेवतो, गोठू नये म्हणून. माझ्यावर त्याचा सारखा तोफखाना चालू असतो. मी लाकूड फोडतो ते म्हणे टपाल खात्यातल्या माणसासारखं. पण एका बाबतीत तो थट्टा करत नाही, ती म्हणजे पाय. काम संपलं की बूट काढायचे, आतून पुसायचे, मोजे शेगडीवर वाळत घालायचे आणि पाय कोरडे करून अर्धा तास मोकळे ठेवायचे. या बुटांत घाम कोंडतो. पाय ओला असतो पण गरम राहतो, म्हणून माणूस फसतो. कोरियाच्या युद्धात त्याच्या तुकडीतल्या एकाने चार दिवस बूट काढले नव्हते. मोज्याबरोबर काय निघून आलं, ते त्याने मला जेवताना सांगितलं. हलकट म्हातारा!

३० नोव्हेंबर

उणे अडतीस. दिवस आता जेमतेम चार तासांचा, तोही दिवाबत्तीच्या वेळेसारखा. माझे पाय सतत दुखतात. डाव्या बुटाच्या आतली लोकर घामाने भिजून गेली आहे, ती वाळतच नाही. ऑर्व्हिलने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून दिला, त्याचा काही उपयोग झाला नाही. व्हर्न येईल तेव्हा पांढरे बूट आण म्हणून रेडिओवर सांगितलं. नऊ तारखेला येतो म्हणाला.

९ डिसेंबर

उणे एकावन्न. व्हर्न आला नाही. एवढ्या थंडीत विमानं उडत नाहीत.

आज वाईट झालं. नीट लिहून ठेवतो.

सकाळी पाणी आणायला आणि नदीपलीकडचे सापळे बघायला दोघांनी जायचं होतं. मी बाजेवर बसून पाय चोळत रडकुंडीला आलो होतो. ऑर्व्हिलने स्वतःचे बूट काढून माझ्यापुढे ठेवले. आपल्या दोघांचं माप एकच आहे, म्हणाला. आजच्या दिवस घाल, मी तुझ्या पिशव्या घालून जातो, जवळच तर जायचंय. मी नको म्हणालो नाही. ते बूट घातले आणि महिन्याभरात पहिल्यांदा मला माझी बोटं जाणवली. आईच्या हातात पाय दिल्यासारखं वाटलं.

नदीवर बर्फाच्या पापुद्र्याखाली पाणी साचलं होतं. मी पुढे होतो, पार झालो. मागे ऑर्व्हिल गुडघ्यापर्यंत आत गेला. लगेच निघाला, शिव्या घातल्या, हसलासुद्धा. कॅम्प दीड मैलावर होता. पोचेपर्यंत त्या काळ्या बुटांच्या आत बर्फाचा ठोकळा झाला होता. मी ते सुरीने कापून काढले. पाय पांढरेफटक, मेणासारखे. टिचकी मारली तर लाकडावर मारल्यासारखा आवाज.

ऑर्व्हिल शांत होता. म्हणाला, गोठलेल्या पायांनी माणूस मैलन्‌मैल चालू शकतो, पण एकदा ऊब देऊन सोडवले की एक पाऊलही टाकता येत नाही. मग तूच सांग काय करायचं. रस्ता सदतीस मैलांवर. मी म्हटलं, व्हर्न येईल, सोडवूया. कोमट पाणी केलं. त्यानंतर तो जसा ओरडला, तसा आवाज माणसाच्या गळ्यातून निघतो हे मला माहीत नव्हतं.

१२ डिसेंबर

रेडिओ गेला. बॅटरी तडकली आहे. पायांवर टरारून फोड, बोटं काळी पडतायत. तो बाजेवरून शौचालाही उठू शकत नाही. सगळं मी करतो. तरी मला म्हणतो, "लाडोबा, नर्स म्हणून तू अगदीच भिकार आहेस."

बूट अजून माझ्याकडेच आहेत. लाकडाचा ढीग बाहेर आहे, मला घालावेच लागतात.

१७ डिसेंबर

उणे छप्पन्न. आठ दिवस धुकं हललेलं नाही. पायांचा वास खोलीत भरून राहिलाय. धिरड्यांनाही तोच वास. ऑर्व्हिल तापात बडबडतो, मग एकदम शुद्धीवर येतो आणि माझ्याकडे टक लावून बघतो. माझ्याकडे नाही. माझ्या पायांकडे.

१९ डिसेंबर

कॅम्पपासून रस्त्याकडे जाणाऱ्या जुन्या टपालवाटेवरची पहिली झोपडी. बारा मैल आलो. मदत आणायला निघालो आहे. ऑर्व्हिलनेच सांगितलं, तू जा. त्याच्यापाशी लाकूड, पाणी, बीन्स सगळं ठेवलंय. तो आरामात आहे. उद्या दुसरी झोपडी, परवा रस्ता. तिथे ट्रक जातात, कोणीही थांबेल. तीन दिवसांत त्याच्यासाठी माणसं येतील.

पाय छान गरम आहेत.

२० डिसेंबर

सकाळी उजाडल्यावर दार उघडलं. माझ्या मागोमाग कोणीतरी आलं होतं.

बर्फात पावलं होती, माझ्याच वाटेवरून आलेली. बुटांची नाहीत. उघड्या पायांची. टाच, चवडा, बोटं, सगळं स्वच्छ उमटलेलं. दोन-तीन ठिकाणी निळी लोकर चिकटली होती. ऑर्व्हिलच्या घोंगडीच्या कडेला निळी पट्टी आहे. पावलं झोपडीपासून वीस हातांवर थांबली होती. तिथे बर्फ दबलेला, कोणी बराच वेळ बसून राहिल्यासारखा.

परत जाणारी पावलं नव्हती.

अस्वल असेल. मागच्या पायाचा ठसा माणसासारखाच दिसतो. पण अस्वलं या दिवसांत झोपलेली असतात. आणि अस्वलाला घोंगडी कशाला लागते.

दिवसभर पळत आलो. एकदाही मागे पाहिलं नाही. नदीकाठच्या दुसऱ्या झोपडीत आहे. रस्ता तेरा मैल. बूट काढलेले नाहीत. काल रात्रीही काढले नव्हते. काढले की तो—

२१ डिसेंबर

आज उभं राहता येत नाही. पाय सुजून बुटांत घट्ट बसलेत. चालताना आत चप चप वाजतं आणि ते पाणी वाटत नाही. तेरा मैल. बसलो की वाटतं जाईन. उठलो की डोळ्यांपुढे अंधारी.

दुपारी खिडकीतून पाहिलं. पावलं आली आहेत. झोपडीभोवती फेरी मारून दाराशी. आता डाव्या पायाच्या ठशात करंगळी नाही. तिच्या शेजारचीही नाही.

खरं लिहितो. कोणी वाचलं नाही तरी.

तो जा म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, थांब, व्हर्न माणसाला टाकणारा नाही, धुकं हटलं की येईल. मी खूपच हट्ट धरला तेव्हा म्हणाला, जायचंच असेल तर मला स्लेजवर घाल. मी म्हटलं, तुझं ओझं ओढत दोघंही मरू. तेव्हा तो म्हणाला, मग निदान बूट ठेवून जा. मला ढिगापर्यंत रांगत तरी जाता येईल. माझे आहेत रे ते, वेंडेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली.

मी हो म्हणालो. तो झोपला. मी निघालो. लाकूड आत आणून ठेवायला पाव तास लागला असता. तेवढ्यात तो जागा झाला असता. म्हणून आणलं नाही.

शेगडीत दोन ओंडके होते. ते दुपारपर्यंत विझले असणार.

विझले म्हणजे खोली गोठली. पाय पुन्हा गोठले. गोठलेल्या पायांनी माणूस मैलन्‌मैल—

२२ डिसेंबर

तो दाराबाहेर बसलाय. श्वास ऐकू येतो. एवढ्या थंडीत श्वास बर्फ होऊन खाली सांडतो, त्याचा बारीक आवाज. बोलत नाही. ऑर्व्हिल आणि बोलत नाही.

मीच बोललो. ओरडून सांगितलं, मी परत येणारच होतो. सांगितलं, माझी चूक झाली, मला घाण वाटत होती, भीती वाटत होती, तू मरताना मला बघायचं नव्हतं. एकदाच दारावर, खाली, उंबऱ्याशी, हलकेच काहीतरी घासलं. दार वाजवायला हात वर उचलावा लागतो. त्याचा पाय होता.

बूट काढले. नाड्या कापल्या नाहीत, त्याला लागतील म्हणून सोडवल्या. मोजे बुटांबरोबर आले. मोज्यांबरोबर कातडी आली. त्याच मोज्यांनी बूट आतून पुसले, जमतील तेवढे कोरडे केले. दार वीतभर बाहेरच्या बाजूला ढकलून बूट उंबऱ्यापलीकडे ठेवले आणि दार लावून घेतलं.

खूप वेळ गेला. मग नाडी ओढल्याचा आवाज. हळूहळू. बोटं चालत नसलेल्या माणसासारखा. एक बूट. मग दुसरा.

नंतर रबराची जड पावलं. ती गेली नाहीत. झोपडीमागच्या लाकडाच्या ढिगाकडे गेली आणि परत दाराशी आली. पुन्हा ढिगाकडे. दाराला ओंडके टेकल्याचा धप धप आवाज.

मला वाटलं माझ्यासाठी आणतोय. देवा, मला वाटलं—

२३ डिसेंबर

दार उघडत नाही. बाहेरून लाकडाने बंद. आतलं लाकूड संपलं. शेगडी गार. पाय पोत्यात गुंडाळलेत, कळत नाहीत. बरं आहे. कळत नाहीत तेच बरं.

खिडकीत निळं दिसतंय. धुकं गेलं?

—

विमान! व्हर्नचं! दोनदा डोक्यावरून गेलं. नदीवर उतरतोय. हाक मारतोय मी. घसा—

इंजिन चालू ठेवलंय त्याने. बर्फातून कोणीतरी येतंय. काचेवरचा बर्फ नखांनी खरवडला, नाण्याएवढं भोक. व्हर्न आहे. झोपडीतून धूर दिसला नाही म्हणून पुढेच जात होतो, तेवढ्यात तू बाहेर उभा दिसलास, म्हणतोय. ओरडून बोलतोय. कुणाशी तरी.

पांढरे बूट दिसतायत. गुडघ्यापर्यंतच. वरचं दिसत नाही.

व्हर्न विचारतोय, अरे म्हाताऱ्या, चालत आलास? आणि तो पोरगा? दोघं होतात ना तुम्ही?

ऑर्व्हिलचा आवाज. तोच. जरा घोगरा.

"एकटाच आहे मी. आत कोणी नाही. चल, मला थंडी वाजतेय."

मी ओरडतोय. दारावर डोकं आपटतोय. इंजिनामुळे त्याला

बूट वळले. विमानाकडे. व्हर्नने त्याला हात दिला. व्हर्न थांब. थांब व्हर्न. मी आहे. वेंडेल. मी आत