कुंडीतल्या झाडाचा फोटो

सिमला, चैत्र वद्य पंचमी

ती. आईस,
अंबूचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

कुरडया, सांडगे आणि बालाजीचा प्रसाद पोचला. पार्सलाला चौदा आणे पडलेले पाहिले. एवढा खर्च पुन्हा करू नकोस. आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

तू माझा फोटो मागितला होतास. ह्यांनी कुंडीत हॉथॉर्न नावाचे काटेरी झाड पाळले आहे. तारेने फांद्या वळवून वीतभरच ठेवले आहे. थंडीत त्याला स्वतःची शाल पांघरतात. मला सर्दी झाली तर म्हणतात, "काढा घे."

रविवारी मी नथ घालून तासभर बसले. ह्यांच्या कॅमेऱ्यात फोटो उमटतो ती काच एकच उरली होती. तेवढ्यात झाड पांढरेशुभ्र फुललेले दिसले, आणि ती काच त्याच्यावर गेली. वर म्हणाले, "फुलं गळून जातील. तू काऊन रुसतेस? तू कुठं जातेस?"

काल नव्या काचा आल्या. आज झाडाचे चारी बाजूंनी फोटो निघणार होते. पण आज आपल्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू. देवीला फूल नको का? पहाटेच सगळे झाड खुडले. गौर काय शोभते म्हणून सांगू! हे सकाळपासून बोलत नाहीत.

आता घरात फोटो काढण्याजोगी मीच उरले आहे. अंजिरी लुगडे नेसू की हिरवे, ते उलट टपाली कळव.

तुझी,
अंबू