नुसत्या पाण्याची नळी

ती. सौ. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (माझ्या खोलीत आडवं व्हायला पलंगाखेरीज जागा नाही, तेव्हा नमस्कार पलंगावरूनच घातला आहे. गोड मानून घे.) तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्काम ठोकून आहे? मुलं उंच झाली असतील. हे सगळं फोनवर विचारायचं मी दर वेळी ठरवते. पण तू ‘जेवलीस का’ विचारतेस, मी ‘हो’ म्हणते, तेवढ्यात मुलांपैकी कोणीतरी पडतं आणि तुझं ‘ठेवते गं’ होतं. पत्रात मध्येच कोणी पडत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे.

मी मजेत आहे आणि नोकरी शाबूत आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तू अर्ध्यातूनच फोन लावशील. आमची प्रयोगशाळा जुन्या हाडांतून आणि दातांतून डीएनए काढते, हे तुला ठाऊक आहेच. (तू शेजारणींना ‘ती दातांच्या दवाखान्यात असते’ असं सांगतेस, तेही माझ्या कानावर आलं आहे.) कुठेसा रस्ता खणताना जुनी थडगी लागली आणि त्यातली एक दाढ आमच्याकडे आली. तिच्या मालकाला जाऊन शेकडो वर्षं झाली, तरी दाढ अशी ठणठणीत की मला माझ्या दाढांची लाज वाटली. तिची चिमूटभर पूड करायची, पुडीतून डीएनए सोडवायचा, आणि तो नावापुरताच मिळत असल्यामुळे यंत्रात घालून त्याच्या नकलांवर नकला काढायच्या, हे माझं काम.

नक्कल कशी निघते ते मी तुला एकदा सांगायला लागले होते, तेव्हा कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. आता ऐक. डीएनए म्हणजे पीळ दिलेली स्वेटरची चेन. तिला दोन बाजू, त्यांवर चारच प्रकारचे हूक, आणि कोणासमोर कोण बसणार हे कायमचं ठरलेलं. म्हणून एकच बाजू हाती लागली, तरी समोर काय होतं ते हूकन् हूक सांगता येतं. तापवलं की चेन उघडते आणि दोन्ही बाजू सुट्या होऊन भटकायला लागतात. मग गार करायचं. गार होताना खरं तर त्या आपल्या जुन्या जोडीदाराकडेच परत जातील, त्यांना तीच ओढ असते. पण आम्ही आधीच बारक्या तुकड्यांची गर्दी करून ठेवलेली असते. ही चिल्लीपिल्ली आधी धावत येऊन जागा अडवतात, त्यांच्यापासून नवी बाजू विणली जाते, आणि जुनी जोडीदार बसते लांबून बघत. (मुलांवर माझा काडीचाही राग नाही. दोघांना एकेक पापा दे.)

आता घोटाळ्याकडे येते. दाढेच्या नळ्यांबरोबर दर वेळी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. तिच्यात काही घालायचं नाही आणि तिच्यातून काही निघताही कामा नये. पाणी कोरं निघालं तरच दाढेचं म्हणणं खरं धरायचं. या खेपेला दाढेचा निकाल इतका सुरेख आला की आमचे मुख्य (सगळे त्यांना थोरले म्हणतात, उंचीमुळे नव्हे) हात चोळत फिरायला लागले. दाढेचं आईकडचं घराणं स्वच्छ वाचता येत होतं. त्यांनी उत्साहाच्या भरात दोनचार ठिकाणी फोनही करून टाकले. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा शिंकरा (त्याला बारा महिने सर्दी) म्हणाला, “पाण्याचंही तेच घराणं आहे.”

पाण्याला पूर्वज निघाले म्हटल्यावर संशय शिंकऱ्यावरच गेला. बिचाऱ्याला आतल्या खोलीत पाऊल टाकायची बंदी झाली. पण अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून आम्हा सगळ्यांच्या गालाची आतली बाजू खरवडून नोंद ठेवलेली असते, ती ताडून पाहिली, आणि थोरल्यांनी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. काम करताना बोलता का, म्हणाले. मी नाही म्हणाले. दाराबाहेरून शिंकरा म्हणाला, “बोलतात. अखंड.” मग थोरल्यांनी विचारलं, कोणाशी? मी म्हटलं, बहिणीशी. फोन आत नेता? मी नाही म्हटलं.

बोलते मी, ताई. आतल्या खोलीत खिडकी नाही, हवेच्या यंत्राची घरघर तेवढी असते, आणि दिवे मालवल्यावर आपली खोली असायची तसं काहीतरी तिथे होतं. तू पलीकडच्या पलंगावर आहेस असं धरून मी सुरू होते. ही नळी भरली बघ, घरमालकीण आज पुन्हा जिन्यात अडवून बसली होती, नव्या चपला चावतात. तू ‘हं’ म्हणतेस. तोंडावरच्या मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरते, म्हणून मी तो हनुवटीखाली ओढत असे. तेवढ्यानं घात झाला, बोलता बोलता तोंडातले तुषार नळ्यांत गेले. थोरल्यांनी विचारलं, तुम्हाला न बोलता काम करता येईल का? मी म्हटलं, आमच्या घरात तसा प्रयत्न झालेला नाही. (आई नळाशी बोलायची, आठवतं? ‘दम धर बाबा, बादली लावू दे.’)

तरी मी वकिली करून पाहिली. आम्ही वाचतो तो तुकडा आईकडून मुलांना जसाच्या तसा मिळतो. म्हणजे माझा, तुझा आणि आईचा एकच. मी म्हटलं, ही माझी ताईही असू शकते. थोरले म्हणाले, “त्या आल्यात का इथे कधी?” मी म्हटलं, येते येते म्हणते. तेव्हा कागदोपत्री त्या खोलीत मी होते, तू होतीस आणि आईही होती. ती गेल्याचं त्या यंत्राला कोण सांगणार? आपण तिघी पुन्हा एका ठिकाणी आलो, त्या थेंबभर पाण्यात. थोरल्यांनी ते फेकून द्यायला सांगितलं आणि मी फेकून दिलं. फेकताना काही बोलले नाही.

त्यानंतर काचेवर ‘तोंड बंद’ अशी पाटी लागली, मला वाफ न धरणारा चष्मा मिळाला, आणि दाढेचा उरलेला तुकडा घेऊन मी सगळं पहिल्यापासून केलं. हा तुकडा वाया गेला असता तर दुसरा नव्हता. मी एक अक्षर बोलले नाही. या वेळी पाणी कोरं निघालं. थोरल्यांनी टाळ्या वाजवल्या, शिंकरा आनंदानं शिंकला, आणि मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. सगळ्यांना वाटलं, सुटकेचं रडू आहे. पाणी कोरं म्हणजे त्यात तू नव्हतीस, हे मी त्यांना काय सांगणार? तुझी फार आठवण येते, ताई. पूर्वीही यायची, पण तेव्हा बोललं की जात असे.

असो. मी तुला ये म्हणत नाही. तुझा संसार आहे, पाठ आहे, मुलांच्या परीक्षा आहेत. मलाही आता गप्प राहायची सवय होते आहे, आणि तिचे फायदे पुष्कळ असतात म्हणे. भाऊजींना नमस्कार. लोभ आहे तो मुळातच इतका आहे की त्याच्या नकला काढायची गरज नाही.

तुझी,
धाकटी

ता. क. : हे पत्र मी मोठ्यानं बोलत लिहिलं आहे. तेव्हा कागदभर मी सांडलेली असणार. जुन्या दाढेजवळ ठेवू नकोस, एवढंच.

दुसरा ता. क. : सवयीचं वर लिहिलं ते खोटं आहे. माझं एक काम कर. तू दुपारी कामं उरकताना जे बोलतेस ते फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. विशेष काही नको. मुलांना ओरड, भाजीवाल्याला नावं ठेव, नळाला दम दे. थोरल्यांना विचारून घेतलं आहे, कानात घालून आत जायला हरकत नाही. ऐकण्यानं नळीत काही पडत नाही.

अगदी शेवटचा ता. क. : सलग बोलू नकोस. मधे मधे थांब, मी मधे तोंड घालायचे तेवढं. तिथे काय म्हणायचं ते मला कळेल. मी म्हणेन, तोंड बंद ठेवून.