फोनला ऐकू येणारे पक्षी

५ जानेवारी २०२५, रविवार

कबूल! डॉक्टर जिंकला. साखर दोनशे ऐंशी. "मिस्त्री, रोज पाऊण तास चाला, नाहीतर इंजेक्शनवर जाल." चालायचं कुठे? बंदरावर गेलो की चहा, चहाबरोबर वडापाव, आणि कोणाच्या ना कोणाच्या बोटीचं इंजिन. म्हणून आज उलट्या दिशेला गेलो, खाडीच्या कडेने, काजूच्या बागेपर्यंत.

खांबावर खंड्या बसला होता. चोचीत मासोळी. खांबावर आपट-आपट आपटली आणि गिळली! ऊन पडलं तसा पाठीचा निळा असा पेटला की मी रस्त्यात उभाच. खंड्या माहीत नाही असं नाही. पण अठ्ठावन्न वर्षांत बघितलाच नव्हता, हे आज कळलं.

७ जानेवारी

भंगारात काढलेल्या बोटीची दुर्बीण माळ्यावर होती. एका भिंगाला बुरशी. एका डोळ्याने भागतं.

९ जानेवारी, गुरुवार

एकोणीस! घरापासून काजूच्या बागेपर्यंत एकोणीस जातीचे पक्षी! मला वाटायचं कावळा, चिमणी, घार — झालं. वहीत दोन रकाने केलेत, 'बघितले' आणि 'ऐकले'.

काल लाल शर्ट घालून गेलो तर एक थांबेल तर शपथ. आज कामाची तेलकट खाकी घातली, सातभाई पार पायाशी आले. चालायचं कमी, उभं राहायचं जास्त. हात खाली, तोंड बंद. तोंड बंद ठेवणं मला जड जातं. बकुळा म्हणाली, "बत्तीस वर्षं मला नाय जमलं ते पाखरांनी केलंनी!" बायको म्हणून ऐकून घेतो.

१२ जानेवारी, रविवार

लेक सानिका मुंबईहून आली आहे. फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं तिने. फोन समोर धरायचा, तो पक्ष्यांचे आवाज ऐकतो आणि नाव दाखवतो. म्हटलं, काहीतरी थापा. तेवढ्यात भारद्वाज घुमला — फोनवर भारद्वाज! तांबट बोलला — तांबट! मी हबकलोच. माझ्यासारखाच कान आहे की याला!

१४ जानेवारी, संक्रांत

ॲप खोटारडं आहे!!

सकाळी आवारात उभा होतो. सगळं सामसूम. आणि फोनवर नावं पडतायत. शिंजीर. फुलटोच्या. परत शिंजीर. कुठे आहे शिंजीर? पान हललेलं ऐकू येईल अशी शांतता! इंजिनाचं झाकण न उघडता कुठला व्हॉल्व्ह वाजतोय ते सांगणारा माणूस मी. बंदरावर मोरू मिस्त्रीचा कान म्हणजे शेवटचा शब्द. आणि हा डबा मला शिकवणार?

सानिका काल रात्रीच परत गेली, तिला फोन लावून झाडली. ती म्हणाली, "बाबा, असेल तिथे कुठेतरी." असेल म्हणजे काय? रागाच्या भरात तिळगुळाचे तीन लाडू खाल्ले. साखर गेली उडत.

१६ जानेवारी, गुरुवार

रूपेशची बोट. रूपेश म्हणजे बकुळाचा धाकटा भाऊ. उद्या आठ दिवसांसाठी समुद्रात जातोय, सात माणसं घेऊन. इंजिन चालू केलं, हात ठेवला, ऐकलं. एकदम सुरात. म्हटलं, जा बिनधास्त.

तर हा म्हणतो, "भावोजी, बारीक शिट्टी येत्येय. टर्बोकडून."

शिट्टी! मी परत वाकून ऐकलं. कसली शिट्टी नि कसलं काय! वर म्हणतो, "शिवाला एकदा ऐकवू काय?" टाळकंच फिरलं माझं. शिवा! दहा वर्षं माझ्या हाताखाली काढली, पाना कसा धरायचा ते मी शिकवलं. मग हातखंब्याला ट्रक दुरुस्त करायला पळाला, आणि परत येऊन शेड टाकली ती माझ्या नाकासमोर. सहा वर्षं मी त्याच्याशी शब्द बोललेलो नाही. रूपेशला सगळ्या खलाशांसमोर हाणला — "तुझा कान माझ्यापेक्षा मोठा झाला काय रे? शिवाकडे जायचं असेल तर परत माझ्या दारात यायचं नाही!" जेवायला घरी आलो.

१७ जानेवारी

रूपेश गेला पहाटे. आज बाविसावा पक्षी, हळद्या. काय पिवळा!

१९ जानेवारी, रविवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सकाळी जास्वंदीवर शिंजीर दिसला. खराखुरा. जांभळा-हिरवा, अंगठ्याएवढा. दुर्बिणीत धरला. चोच उघडली. गळा थरथरतोय, अख्खं अंग हलतंय त्या ओरडण्याने. आणि आवाज — काही नाही! म्हटलं, मुका आहे बिचारा. बकुळा पडवीत तांदूळ निवडत होती. तिला म्हटलं, हे बघ, मुकं पाखरू!

मान वर न करता म्हणाली, "मुकं? सकाळपासून डोकं उठवलंन माझं."

मग तिने वर बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

मी म्हटलं, पाठ कर. तो ओरडला की हात वर कर. ती नको म्हणत होती. करायला लावलं. मी दुर्बिणीतून चोच बघत राहिलो. चोच उघडली — हात वर. मिटली — हात खाली. उघडली — वर. अकरा वेळा. एकदा, निदान एकदा तरी तिने चुकायला हवं होतं!

फोन खोटं बोलत नव्हता. कोण खोटं बोलत होता मग? मीच. स्वतःशी.

२० जानेवारी, सोमवार

कानाच्या डॉक्टरकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवून कानात आवाज सोडले. ऐकू आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच येईना, वाटलं मशीन बंद पडलं. बाहेर बघितलं तर ती मुलगी आवाज सोडतच होती!

डॉक्टरने कागद दाखवला. रेघ सरळ जाते आणि मग जेटीच्या टोकावरून माणूस पडावा तशी खाली. "जाडे आवाज उत्तम येतात तुम्हाला. बारीक गेले. इंजिनाशी काम ना? कानात बोळे घालत होतात?" बोळे! कान बंद करून इंजिन ऐकायचं कशाने? विचारलं, कधीपासून? "पाच-सहा वर्षं तरी." परत येतील? "नाही."

वही काढून बघितली. 'ऐकले'मध्ये भारद्वाज, तांबट, कावळा, सातभाई. सगळे जाडे.

रिक्षात बसलो आणि एकदम आठवलं. रूपेशची शिट्टी! टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, त्याचं बेअरिंग जायला लागलं की असंच बारीक किंचाळतं. तसंच रेटलं तर फुटतं, तेल आत ओढलं जातं, इंजिन हाताबाहेर जातं, आग लागते. भर समुद्रात. सात माणसं. मी पाठवली. त्याने सांगितलं तरी पाठवली, आणि वर चारचौघांत अपमान केला त्याचा!

फोन लागत नाही. बंदरावर धावलो, जी बोट निघत होती तिला सांगितलं, जी वायरलेसवर होती तिला सांगितलं. रूपेशला गाठा, इंजिन बंद करा म्हणावं, ओढून आणा. लोक माझ्याकडे विचित्र बघत होते. कोणी घाबरलं नाही! एकजण म्हणाला, "घरी जा मिस्त्री, काय नाय होत." माणसं आहेत की दगड? घरी बकुळा तेच — "काय नाय होणार ओ. जेवून घ्या." सख्खा भाऊ आहे तुझा, म्हणून ओरडलो तिच्यावर. ती पदर तोंडाला लावून आत गेली. देवा, त्याला परत आण. परत पाना हातात धरणार नाही.

२१ जानेवारी

सकाळी सहाला रूपेशचा फोन. दुसऱ्या बोटीकडून निरोप मिळाला, किनाऱ्याजवळ येऊन लावलान. बोट ठणठणीत. टर्बो नवा आहे! गुरुवारी मी जेवायला घरी आलो तेवढ्यात शिवाने बदलला. बकुळाने त्याला फोन केला होता. दर वेळी करते — "आले हे घरी. तू जा आता." तीन वर्षं. मी हात लावलेली प्रत्येक बोट तो मागाहून तपासतो. सगळ्या बंदराला ठाऊक, आणि शिवाने कुठे एक शब्द काढला नाही.

बकुळा समोर बसून रडत होती. शिवाला फोन लावला. उचललान. म्हटलं, मी मोरू.

तो म्हणाला, "मिस्त्री, चहा टाकतो. बिनसाखरेचा. या."