अण्णांच्या बोटांसाठी नवे स्विच

रविवार संध्याकाळ, रहिमतपूर

आज कीबोर्ड आणि माझा लॅपटॉप घेऊन अण्णांकडे आलो. आधी फौजेत आणि मग साताऱ्यात कोर्टाबाहेर जन्मभर टाइपरायटर बडवलेला माझा बाप. साखरेनं आता बोटांची जाणीव जात चाललीय. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. हल्लीच्या मऊ कीबोर्डवर बटण दाबलं गेलं की नाही, हेच त्यांना समजत नाही. म्हणून बटणांखाली बसवायचे जुन्या धाटणीचे नवे स्विच मागवले. दाबताना मध्येच बोटाला खटका लागतो, जुन्या यंत्रासारखा. एकेक स्विच मीच बसवला. किती खूश होतो मी!

कीबोर्ड लॅपटॉपला जोडून समोर ठेवला, तसे अण्णांनी डोळे मिटून हात पुढे केले. टाइप करताना ते कधीच खाली बघत नसत.

"लागतोय का खटका?" मी मोठ्यानं विचारलं. कानही मंद झालेत.

"व्हय रं, लागतुया की! लय झ्याक काम केलंस गड्या."

बोटं बटणांवर नव्हतीच. खाली तळहात टेकायला कोरी पट्टी आहे, तिच्यावर ती भराभर चालली होती. खटका कुठला लागणार? त्यांना खरंच लागला, की माझ्यासाठी बोलले? विचारायचं धाडस झालं नाही. हात उचलून नीट ठेवायचंही नाही.

"काय लिहिलं वं?" आईनं चुलीपुढून विचारलं.

"नाव लिवलं माजं," अण्णा म्हणाले. चेहरा केवढा उजळला होता.

त्यांनी डोळे उघडायच्या आत मी लॅपटॉप माझ्याकडे फिरवून घेतला. म्हणालो, "बरोबर आलंय, अण्णा."